सरव्याचा नारळ

गिरजाबाईने ती कागदाची पट्टी डोळ्यांजवळ नेली, मग हात लांब करून पाहिली आणि म्हणाली, "दोन रेघा आल्या. म्हंजे माही पऱ्हाटी पोटुशी हाय काय, साहेब?"

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जमलेल्या आम्ही सगळ्या बायका पदर तोंडात घालून खिदळलो. कंपनीचे निकम साहेब तेवढे हसले नाहीत. त्यांनी पट्टी तिच्या हातातून काढून घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवीवर पेनाने तिचं नाव लिहिलं. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पान चुरगळून बारक्या नळीतल्या औषधात टाकायचं आणि त्यात पट्टी बुडवायची, अशी ती तपासणी होती. एक रेघ उमटली तर झाड साधं. दोन उमटल्या तर झाडात कंपनीने पेटंट घेतलेलं जनुक आहे. गिरजाबाई अंभोरेच्या दीड एकरात जिकडून पान तोडावं तिकडून दोन रेघा येत होत्या.

"हे बियाणं तुम्ही कुठून आणलं, बाई?" निकम साहेबांनी विचारलं.

"आनलं नाई. सरव्याचं हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे सरव्याचं," गिरजाबाई म्हणाली. एवढं साधं ह्या माणसाला कळत नाही याचंच तिला नवल वाटत होतं.

पीक काढून झालं की वावरात जे मागे राहतं, चुकलेलं कणीस, मातीत दडलेली शेंग, उशिरा फुटलेलं बोंड, त्याला आमच्या मेहकरकडे सरवा म्हणतात. तो मालकाचा नसतो. जो वाकेल आणि वेचेल त्याचा असतो. मालकाने सरव्याला नाही म्हणणं हा आमच्या गावात हलकेपणा समजतात, आणि सरव्याची परवानगी मागणं हाही हलकेपणाच समजतात, कारण मागितली म्हणजे समोरचा नाही म्हणेल असा संशय घेतला. गिरजाबाईने आणि आणखी तिघींनी ज्या वावरातला सरवा वेचला होता ते वावर आमचं होतं. माझे सासरे तेजराव सुरुशे, म्हणजे मामाजी, यांचं.

त्या वावरात कंपनीचा प्लॉट होता. कंपनी कपाशीच्या दोन जातींचं बी द्यायची. एकीच्या फुलातला पराग दुसरीच्या फुलाला हाताने लावायचा. हे काम बायकांचं, आणि गिरजाबाई त्यात सगळ्यांत तरबेज. सकाळभर ती फुलांची लग्नं लावत फिरायची आणि करवलीसारखी टोमणे मारत राहायची. प्लॉटचा सगळा कापूस कंपनी न्यायची, त्यातली सरकी पाकिटात भरायची, आणि ती पाकिटं महागामोलाने पुन्हा आम्हीच विकत आणायचो. मामाजींनी प्लॉटच्या करारावर सही केली होती. त्यात साफ लिहिलं होतं की ह्या वावरातलं बोंड, बी, काहीही कंपनीशिवाय दुसरीकडे जाणार नाही.

मामाजींची सही म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. हा माणूस खोटं बोलत नसे. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, मुलगा काय करतो? मामाजी म्हणाले, "शेती करते. बारावी दोनदा नापास झाला. रातच्याले घोरते बी." माझ्या वडिलांनी तिथल्या तिथे सुपारी फोडली. जो बाप मुलाचं घोरणं सांगतो तो सुनेला फसवणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. हिशोब बरोबर निघाला, घोरण्यासकट. गावात धुऱ्यावरून भांडण झालं की दोन्हीकडची माणसं आमच्या ओट्यावर येत. मामाजी जिथे काठी टेकवतील तिथे दगड रोवला जाई आणि मग कोणी तलाठ्याकडे जात नसे.

आता नारळाची गोष्ट. आमच्याकडे शेवटची वेचणी झाली की घरची बाई धुऱ्यावर नारळ फोडते, पाणी वावरात शिंपडते, करवंट्या तिथेच ठेवते आणि मागे वळून न पाहता घरी येते. मागे पाहायचं नाही, कारण मागे जे राहिलं ते आता आपलं नाही. नारळ फुटला की सरवा मोकळा. कोणी कोणाला काही सांगत नाही, विचारत नाही. करवंट्या दिसल्या की बायका ओटी खोचून वावरात शिरतात. नारळाविना सोडलेलं वावर पुढच्या साली रुसतं, असंही म्हणतात.

पट्टीच्या आदल्या वर्षी, प्लॉटची शेवटची वेचणी झाली त्या दिवशी मामाजी आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाले होते, "यंदा नारळ फोडू नको. कंपनीचा कागद हाय."

"वावराले कागद वाचता येते काय?" आत्याबाई म्हणाल्या.

"सही म्या केली हाय."

"मंग बसा सही चाटत."

असं म्हणून आत्याबाई टोपली घेऊन मारुतीच्या देवळात जाते सांगून निघून गेल्या, त्या दिवे लागता लागता परत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाजींसोबत वावरात गेले, तर धुऱ्यावर दोन करवंट्या आणि आत चार बायका वाकलेल्या. मामाजींनी करवंट्या पाहिल्या, बायकांकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. घरी आल्यावर त्यांनी आत्याबाईंकडे नुसतं बघितलं आणि पाणी मागितलं. आत्याबाईंनी तांब्या असा आदळला की अर्धं पाणी सांडलं. मी नवी सून होते, पण एवढं समजायला जुनी सून असावं लागत नाही. आत्याबाई आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत, आणि नारळाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

सरव्याचा कापूस म्हणजे मूठ मूठ. त्या चौघींनी घरी बसून सरकी काढली, रुईच्या वाती वळल्या आणि सरकी गाडग्यात ठेवली. ह्या पऱ्हाटीला अळी लागत नाही हे त्यांनी वर्षभर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मृगात त्यांनी ती सरकी आपापल्या तुकड्यात टोबली. ती अशी आली की येणाऱ्याजाणाऱ्याने थांबून पाहावं. आणि येणाऱ्याजाणाऱ्यांत एक निकम साहेबही होते.

पट्टीनंतर थोड्याच दिवसांत कोर्टाचे कागद आले. कंपनीने चौघींवर जिल्ह्याच्या कोर्टात दावा लावला होता. उभं पीक उपटून नष्ट करावं आणि नुकसानभरपाई द्यावी, अशी मागणी होती. निकाल लागेपर्यंत त्या शेतांतलं एक बोंडही वेचायचं नाही असा कोर्टाने हुकूम दिला. बोंडं काही हुकूम वाचत नाहीत. ती फुटली, कापूस लोंबायला लागला, आणि गिरजाबाई रोज सकाळी धुऱ्यावर जाऊन बघत उभी राहायची. नवरा वारलेला, दोन लेकी सासरी. त्या दीड एकराखेरीज तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. वारा सुटला की कापूस मातीत गळायचा. ते बघून मला वाईट वाटायचं, पण गिरजाबाई म्हणायची, "गळू दे. सरवा होईन."

मेहकरचे काझी वकील त्या चौघींकडून उभे राहिले. त्यांनी बायकांना समजावून सांगितलं, "शेतकऱ्याला आपल्या पिकातलं बी राखून ठेवायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा हक्क आपल्या कायद्यात आहे. कंपनी म्हणते, हे बी तुमचं नाहीच, आमच्या प्लॉटमधून चोरलेलं आहे, आणि चोरीच्या मालावर कसला हक्क? तेव्हा सगळा खेळ एवढ्यावर आहे, सरवा तुमचा होता की चोरीचा."

"आमचाच ना बाप्पा," बायका म्हणाल्या.

पहिल्या तारखेहून गिरजाबाई परत आली ती लढाई जिंकल्यासारखी. आमच्या ओट्यावर बसून तिने सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"नागपूरचा वकील होता, कोट घातलेला. मले म्हने, त्या शेतात जायला परवानगी कोनाची घेतली? म्या म्हनलं, कोनाचीच नाई. तो म्हने, मालकाले इचारलं होतं? म्या म्हनलं, नाई. तो म्हने, म्हंजे न इचारता उचलून आनलं? म्या म्हनलं, हाव. सरवा काय इचारून वेचतेत?"

"अन् बाकीच्या?" आत्याबाईंनी विचारलं.

"चौघींनी बी एकच सांगतलं. एक शब्द इकडचा तिकडं नाई."

आत्याबाईंनी मान डोलावली. मलाही ते चोख वाटलं. मामाजी मात्र बाजेवर उठून बसले. "गिरजा," ते म्हणाले, "तुमी सगळ्यायनं मिळून कबूल केलं की चोरी केली."

"ते कसं काय, आबा?"

"तुमच्या हिशोबानं तुमी रीत सांगतली. त्याच्या हिशोबानं तुमी गुन्हा सांगतला."

गिरजाबाईचा चेहरा पडला. मग तिला आठवलं. "पन काझी वकिलानं मंग नारळाचं इचारलं. म्हने, नारळ फुटला होता काय? म्या म्हनलं, फुटला होता, करवंट्या होत्या. म्हने, कोन फोडते? म्या म्हनलं, ज्याचं वावर त्याच्या घरचं मानूस फोडते. मंग जज बाई म्हने, वावरवाल्याले बोलवा."

आत्याबाई सूप घेऊन आत गेल्या.

मामाजींना कोर्टाचं बोलावणं आल्यावर एकाच दिवशी आमच्याकडे दोन पाहुणे येऊन गेले. सकाळी निकम साहेब आले. चहा घेतला, पिकापाण्याची चौकशी केली आणि म्हणाले, "आबा, खोटं बोला असं कंपनी म्हणतच नाही. तुम्ही फक्त खरं बोला. परवानगी दिली होती का?"

"नव्हती देली."

"बस, एवढंच सांगायचं. तुमच्यावर बालंट नाही, करार शाबूत, पुढच्या साली प्लॉट वाढवून देऊ."

मला हसू आलं. खरं बोला म्हणून कोणी माणूस इतकी आर्जवं करताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुपारी काझी वकील आले. त्यांनी चहा घेतला नाही. "आबा, मी तुम्हाला काही पढवणार नाही," ते म्हणाले. "नारळ तुमच्या घरातून फुटला असेल तर सरवा मोकळा होता आणि ह्या चौघी चोर नाहीत. नसेल फुटला, तर त्यांची पऱ्हाटी उपटली जाईल आणि वर दंड बसेल तो वेगळा."

"अन् माह्या घरातून फुटला असंन तर माहं काय?"

"तुम्ही करार मोडला असं होईल. प्लॉट तर जाईलच. कंपनी तुमच्यावरही दावा लावू शकते."

आत सुपाचा आवाज चालला होता तो थांबला. मामाजींनी दाराकडे पाहिलं नाही. मी पाहिलं. आत्याबाई सूप मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

माझ्या डोक्यात तेव्हा सरळ गणित होतं. मामाजी म्हणाले, मी परवानगी दिली नाही, तर ते अक्षरशः खरं होतं, आणि गिरजाबाई बुडत होती. म्हणाले, नारळ माझ्या बायकोने फोडला, तर तेही खरं, पण मग त्या नागपूरच्या कोटासमोर आत्याबाईंना उभं राहावं लागणार आणि नवऱ्याचा शब्द का मोडला ते भरल्या कोर्टात सांगावं लागणार. आणि तिसरं बोलणं त्या माणसाला येत नव्हतं. आत्याबाईंची काळजी वाटली, गिरजाबाईची वाटली. मामाजींच्या बाबतीत मात्र, खरं सांगते, मला उत्सुकताच जास्त होती.

तारखेला मी त्यांच्याबरोबर गेले. ह्यांना म्हशीच्या विण्यासाठी घरी थांबावं लागलं, आणि आत्याबाईंनी मला डबा देऊन पाठवलं, कारण मामाजींना हॉटेलचं तेल सोसत नसे. एस.टी.त ते खिडकीशी बसले होते. अर्ध्या वाटेत म्हणाले, "वनमाला, तुह्या बापाले म्या समाधानचं घोरनं सांगतलं होतं."

"हो, मामाजी."

"नसतं सांगतलं तर?"

"तर पहिल्या रात्री कळलंच असतं."

"तेच तं," ते म्हणाले आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

कोर्टात मामाजींनी टोपी काढली, शपथ घेतली, टोपी पुन्हा घातली. जज बाई मध्यम वयाच्या, चष्मा नाकावर उतरलेला. भिंतीशी त्या चौघी बसल्या होत्या, पहिल्या तारखेची ऐट आता उरली नव्हती. नागपूरचे वकील उठले.

"तेजराव, ह्या बायकांनी तुमच्याकडे परवानगी मागितली होती?"

"नाई."

"तुम्ही त्यांना, तोंडाने, कापूस घेऊन जा असं म्हणालात?"

"नाई."

"करारावरची सही तुमची?"

"माहीच."

वकिलांनी जज बाईंकडे असं पाहिलं की आता आणखी काय हवं, आणि बसले. निकम साहेबांनी खुर्चीत पाठ टेकली. काझी वकील उठले.

"आबा, त्या वर्षी शेवटच्या वेचणीनंतर तुमच्या धुऱ्यावर नारळ फुटला होता?"

"फुटला होता."

"कोणी फोडला?"

मामाजींनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले. मी त्यांच्या हातांकडे पाहत होते. धुऱ्यावर काठी टेकवतानाही ते असेच स्थिर असत.

"म्या फोडला," मामाजी म्हणाले.

नागपूरचे वकील ताडकन उठले. "एक मिनिट. नारळ फोडणं हे तुमच्याकडे बायकांचं काम आहे ना?"

"हाव."

"मग तुम्ही का फोडला?"

"बायकोचे गुडघे दुखत होते."

कोर्टात हशा पिकला. शिरस्तेदारसुद्धा हसले. मामाजी हसले नाहीत.

"करारात स्पष्ट लिहिलंय की एक बोंडही बाहेर जाणार नाही. तुम्ही तो वाचला होता ना?"

"वाचला. सगळा कापूस कंपनीले देला. एक बोंड ठेवलं नाई."

"आणि हा सरवा?"

"सरवा कापसात धरत नाईत, साहेब," मामाजी म्हणाले. "वेचला तवर माहा, अन् म्या देला म्हनून तुमचा. नारळ फुटल्यावर राह्यला तो माहाच नव्हता. तं तुमाले कसा देऊ?"

जज बाईंनी चष्मा वर सरकवला आणि हे वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्यायला सांगितलं. ते टाइप करताना दोनदा चुकलं. मामाजींनी ते दोन्ही वेळा शांतपणे पुन्हा सांगितलं.

वेचणीवरची बंदी उठली. सरवा मालकाने रिवाजाप्रमाणे मोकळा केलेला दिसतो, तेव्हा चोरीचं म्हणणं तूर्त टिकत नाही, असं काहीसं हुकुमात होतं. पुढे कंपनीने दावाच मागे घेतला. का घेतला ते कंपनीलाच ठाऊक. गिरजाबाईने राहिलेला कापूस वेचला. मातीत गळलेला तिने शेजारणींना सरवा म्हणून सोडला, आणि नारळ फोडला तो आख्खं गाव बघेल असा.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. आत्याबाईंनी पातोड्यांची भाजी केली होती, मामाजींची आवडती, आणि ताटाशी बसून त्यांना आग्रह करत होत्या. दोघांमध्ये नारळाचा शब्द निघाला नाही. मी भाकरी थापत होते आणि मनात म्हणत होते, नवऱ्याने आपल्यासाठी जन्मात एकदा खोटं बोलावं, आणि तेही शपथेवर, म्हणजे बाईला काय वाटत असेल! मला आत्याबाईंचा हेवा वाटला.

प्लॉट गेला. कंपनीने मामाजींवर दावा लावला नाही, पण पुढच्या साली प्लॉट खालच्या आळीत दिला आणि आमच्या वावरात पुन्हा तूर आणि सोयाबीन आलं. ह्याचं मामाजींना काही वाटलेलं दिसलं नाही. दुसरी एक गोष्ट मात्र झाली. वाघमाऱ्यांचा आणि लहान्यांचा धुऱ्यावरून वाद पेटला तेव्हा दोन्हीकडची माणसं नेहमीसारखी आली, आणि मामाजी म्हणाले, "दुसऱ्या कोनाले न्या."

"आबा, तुमच्याबिगर कोन?"

"माह्या काठीत आता दम नाई."

लोक म्हणाले, आबा थकले. थकले नव्हते. त्याच आठवड्यात त्यांनी एकट्याने विहिरीचा गाळ काढला होता. पण त्यानंतर ते कोणाच्याही धुऱ्यावर गेले नाहीत. ओट्यावर येणारी माणसं कमी होत गेली, आणि संध्याकाळी ते एकटेच बाजेवर बसायचे. जे पहिल्या रात्री कळणारच होतं ते खरं सांगायला काही मोल पडलं नव्हतं, हे एस.टी.तलं त्यांचं बोलणं मला तेव्हा उमगलं. त्यांची काय चीज गेली होती ते घरात मला एकटीला कळत होतं, असं मला वाटायचं.

आणि आणखी एक. पुढच्या साली शेवटच्या वेचणीला आत्याबाई नारळ घ्यायला उठल्या, तर मामाजींनी तो आधीच पिशवीत घातला होता. ते गेले, धुऱ्यावर फोडला, पाणी शिंपडलं, मागे न पाहता परत आले. दर साली तेच. गावातले म्हातारे थट्टा करायचे, "आबा, आता हळदीकुंकवाले बी जात जा." मामाजी म्हणायचे, "बोलावलं तं जाईन." मरेपर्यंत त्यांनी तो नारळ दुसऱ्या कोणाच्या हाती दिला नाही.

मामाजींना जाऊन आता दोन वर्षं झाली. आत्याबाईंचे गुडघे खरोखरच गेले आहेत, तेव्हा नारळ माझ्याकडे आला. पहिल्या साली मी धुऱ्यावर गेले तर गिरजाबाई तिथे आधीच येऊन बसलेली. आता ती पार वाकली आहे, पण सरव्याला येते. मी नारळ दगडावर आपटला तो फुटेना. गिरजाबाईने तो माझ्या हातातून घेतला आणि एका घावात दोन भकलं केली.

"सवय हाय मले," ती म्हणाली. "त्या सालचा बी म्याच फोडला होता."

"कोणत्या सालचा?"

"प्लॉटवाल्या. कोर्टवाल्या."

मी तिच्याकडे बघत राहिले. ती सहज बोलत होती, जसं काही हे मला ठाऊकच होतं.

"तुमी नारळ फोडनार नाई असं कानावर आलं. म्या म्हनलं, वावर असंच ठेवलं तं रुसन. ज्या घरची इतकी सालं रोजी केली त्याच्या वावराले दोष काहून लागू द्यावा? माह्या घरचा नारळ आनला अन् देला फोडून. अन् फुटलाच हाय तं मंग सरवा बी वेचला."

"मग कोर्टात सांगितलं का नाही?"

"इचारलं कोनी? ते म्हने, कोन फोडते? ज्याचं वावर त्याच्या घरचं मानूस फोडते. खरंच हाय ना ते." मग तिने डोळ्याला पदर लावला. "आबाले सगळं मालूम होतं, सूनबाई. म्या फोडलेला आपल्या आंगावर घेतला त्यायनं. माह्यासाठी खोटं बोलले देवमानूस. कोनाले सांगू नका."

मी पाणी शिंपडलं, एका भकलातलं खोबरं काढून पदरात घेतलं, करवंट्या धुऱ्यावर ठेवल्या आणि मागे न पाहता निघाले. वाटभर डोक्यात एकच चाललं होतं. नारळ फोडणारी मामाजींना कोण वाटली होती? गिरजा की बायको? त्यांनी आपला शब्द कोणासाठी खर्ची घातला? आता विचारायला माणूस नव्हता.

घरी आत्याबाई बाजेवर पाय पसरून बसल्या होत्या.

"फुटला?"

"फुटला."

"तुह्ये सासरे एका घावात फोडत," त्या म्हणाल्या. मग हसायला लागल्या. "असा लबाड मानूस पाह्यला नाई म्या. मले म्हने, यंदा नारळ नाई. म्या आठ दिवस रुसली. अन् सोता चोरून जाऊन फोडून आले! माह्या मनातलं वळखलं, पन तोंडानं सांगतलं नाई. कोर्टात बोलले तवा मले समजलं. घरात लबाडी केली, पन कोर्टात खरं बोलले."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी खोबऱ्याचा तुकडा फोडून त्यांच्या हातावर ठेवला.

"हो, आत्याबाई," मी म्हणाले. "मामाजी खोटं बोलत नसत."